सल्ला: कमरेला पिस्तूल लावलेलं गिऱ्हाईक, आणि गल्ल्याखालचा तो ड्रॉवर

या आठवड्याचं पत्र डॅलसहून आलंय. जरा कापून देतेय, कारण मूळ पत्र चार पानी आहे आणि त्यातली दोन पानं मेव्हण्याबद्दल आहेत :)

"ताई नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, चौदा वर्षं झाली डॅलसच्या उत्तरेला राहतोय. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मेव्हण्याने मिळून एक छोटं रेस्टॉरंट घेतलं. थाळी असते, वीकेंडला मिसळ, बीअर आणि वाइनचं लायसन्स पण आहे. मागच्या महिन्यात शुक्रवारी रात्री एक गोरा माणूस बायकापोरांना घेऊन आला, कमरेला उघडं पिस्तूल. शांतपणे जेवला, टिप ठेवली, गेला. पण शेजारच्या टेबलावर पुण्याहून लेकीकडे आलेले आजी-आजोबा होते, आजी घाबरून अर्धं ताट टाकून उठल्या. आमच्या काउंटरवर एक मुलगी असते, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आहे, ईएडी म्हणजे कामाचा परवाना आहे तिच्याकडे, ती दुसऱ्या दिवशी म्हणाली मला रात्रीची शिफ्ट नको. बायको म्हणते दारावर बंदीचा बोर्ड लावा. मेव्हणा म्हणतो टेक्ससमध्ये धंदा करायचाय ना, मग असलं काही लावू नको, अर्धी गिऱ्हाइकं जातील, आणि बोर्ड वाचून गुंड परत जातो का? त्याने स्वतःचं एक पिस्तूल गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. तो सिटिझन आहे, माझं अजून ग्रीन कार्ड. घरात रोज तेच. काय करू? – गोंधळलेला सांगलीकर"

दादा, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी पण तुमच्यासारखीच त्या कमरेच्या पिस्तुलात अडकले. दुसऱ्यांदा वाचताना मात्र शेवटी तुम्ही जाता जाता टाकलेलं ते ड्रॉवरचं वाक्य टोचलं, आणि खरं सांगायचं तर मला तुमच्या त्या गिऱ्हाइकापेक्षा त्या ड्रॉवरची जास्त भीती वाटतेय. त्यावर येतेच, पण आधी बोर्डाचं बघू कारण विचारलंत ते.

पहिली गोष्ट, त्या माणसाने काहीही चूक केलेली नाही. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०१६ पासून लायसन्सवाल्याला पिस्तूल होल्स्टरमध्ये उघडं लावून फिरता येतं, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तर २१ च्या वरच्या, ज्याला कायद्याने बंदूक बाळगायची मनाई नाही अशा माणसाला लायसन्स पण लागत नाही. रेस्टॉरंट असो की किराण्याचं दुकान. बारचं वेगळं आहे. जिथे जागेवर पिण्यासाठी विकलेल्या दारूतून निम्म्याहून जास्त, म्हणजे ५१ टक्के कमाई होते तिथे पिस्तूल नेलं तर तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, साधा दंड नाही, आणि अशा ठिकाणी दारावर तो मोठ्ठा लाल ५१ लिहिलेला बोर्ड असतो, बघितला असेल तुम्ही. तुमची कमाई थाळीतून आणि मिसळीतून, बीअर म्हणजे वर कोथिंबीर, त्यामुळे तुम्ही त्या ५१ मध्ये बसत नाही. मग तुमच्याकडे पिस्तूल यायचं की नाही हे ठरवतं कोण? सरकार नाही, पोलीस नाही, तुम्ही. कायद्याने तो निर्णय मालकाच्या गळ्यात घातलाय, आणि म्हणून तुमच्या घरात रोज भांडण होतंय.

सगळीकडे असं नाहीये बरं का. हवाईने २०२३ मध्ये बरोबर उलटं केलं, म्हणजे मालकाने स्वतःहून हो म्हटलं तरच बंदूक आत, आणि त्यावरचा वाद पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तुमच्याकडे गप्प बसणं म्हणजे हो. एवढं लक्षात ठेवा, बोर्ड न लावणं हाही एक निर्णयच झाला, तुम्ही घेतलेला, भले घेतला नाही असं वाटत असलं तरी.

आता मेव्हण्याचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ, कारण तुमच्या पत्रात त्याला जरा व्हिलन केलंय. टेक्ससमध्ये लोक या विषयावर एवढे हळवे का आहेत याला एक दिवस कारणीभूत आहे, १६ ऑक्टोबर १९९१. किलीन गावात लूबीज नावाचं कॅफेटेरिया, दुपारची जेवणाची वेळ, एका माणसाने आपला पिकअप ट्रक सरळ काचेतून आत घातला आणि लोकांना गोळ्या घालत सुटला, २३ माणसं गेली. तिथे सुझाना हप नावाची बाई आईवडिलांसोबत जेवत होती, तिची बंदूक बाहेर गाडीत होती कारण तेव्हा ती पर्समध्ये ठेवून फिरणं बेकायदा होतं. दोघंही आईवडील तिथेच गेले. ती नंतर आमदार झाली आणि वर्षानुवर्षं एकच सांगत राहिली, की मी कायदा पाळला आणि म्हणून माझ्या हातात काही नव्हतं. १९९५ ला टेक्ससने लपवून पिस्तूल बाळगायचं लायसन्स आणलं त्यामागे ही गोष्ट होती, आणि ती एका रेस्टॉरंटमधली गोष्ट आहे. तेव्हा तुमचा मेव्हणा जे बोलतोय ते त्याने आकाशातून आणलेलं नाही, तिथल्या मातीतलं आहे. आणि लायसन्सवाल्यांचं म्हणाल तर राज्याचं डीपीएस म्हणजे सार्वजनिक सुरक्षा खातं गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांचे आकडे दरवर्षी काढतं, त्यात त्या लोकांचा वाटा अगदी किरकोळ असतो, हे पण खरं.

मी स्वतः अकरा वर्षं ह्यूस्टनकडे एका रेस्टॉरंटचा फ्लोअर सांभाळलाय. एक आजोबा यायचे दर गुरुवारी, नातवाला उचलून घ्यायला वाकले की जॅकेट वर जायचं आणि काळं काहीतरी दिसायचं. मला पहिल्यांदा घाम फुटला होता. पण सांगते, सहा वर्षांत त्यांच्याइतकं सभ्य गिऱ्हाईक दुसरं नाही बघितलं. आणि त्याच टेबलावर आपलेच एक काका, पिस्तूल सोडा साधा चाकू पण नाही जवळ, पाचवी बीअर नाकारली म्हणून ग्लास फेकला होता त्यांनी. वेट्रेसच्या कपाळाला तीन टाके.

हे का सांगितलं? कारण सगळा वाद होल्स्टर दिसतं की नाही यावर चाललाय, आणि माझ्या मते रेस्टॉरंटमध्ये धोक्याचा क्षण वेगळा असतो. तो म्हणजे कुणालातरी "नाही" म्हणायचा क्षण. आता बस, अजून बीअर मिळणार नाही. आता बाहेर जा. बार बंद झाला. दिल्लीत १९९९ मध्ये टॅमरिंड कोर्ट नावाच्या रेस्टॉरंटमध्ये काय झालं होतं आठवा, बार बंद झालाय दारू मिळणार नाही एवढंच तिथे दारू देणाऱ्या जेसिका लालने सांगितलं होतं आणि राजकारण्याच्या पोराने गोळी घातली, आणि तिथे काय टेक्ससचा कायदा नव्हता, आपला १९५९ चा आर्म्स ॲक्ट होता, कडक. आणि कॅन्ससमधलं ओलाथ, फेब्रुवारी २०१७, ते तर आपण कुणीच विसरणार नाही. दोन भारतीय इंजिनिअर ऑफिसनंतर नेहमीच्या बारच्या पॅटिओवर बसलेले, एक माणूस त्यांना उगाच शिव्या द्यायला लागला, त्याला बाहेर काढलं, आणि तो थोड्या वेळाने बंदूक घेऊन परत आला. एक गेला, दुसरा जखमी, आणि मध्ये पडलेला एक गोरा मुलगा तोही जखमी. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक एकमेकांना सांगत होते की बाहेर मराठी बोलू नका. माझ्या सासूबाईंचा पुण्याहून रोज फोन, परत या म्हणून.

बघा, त्या माणसाला दारावरच्या बोर्डाने थांबवलं असतं का? नाही. मेव्हणा इथे बरोबर आहे. बाकीच्या कुणाकडे बंदूक असती तर काय झालं असतं? यावर दोन्ही बाजूचे लोक रात्रभर भांडू शकतात आणि भांडतात, मला त्यात पडायचं नाहीये. मला एवढंच दिसतं की त्याला बाहेर काढल्यापासून तो परत येईपर्यंत मध्ये थोडा वेळ होता, आणि ज्याच्या अंगावर हॉटेल चालवायची जबाबदारी आहे त्याने त्या मधल्या वेळाचा विचार करून ठेवायचा असतो.

तरी मी बोर्ड लावा असंच म्हणेन. गुंडांसाठी नाही. त्या आजींसाठी, आणि त्या मुलीसाठी जी रात्रीची शिफ्ट नको म्हणतेय. ती तुमची माणसं आहेत. पण सरसकट बंदीचा नको, मधला मार्ग आहे, आणि तो टेक्ससमधल्याच लोकांनी काढलेला आहे. व्हॉटाबर्गर ही अस्सल टेक्सन कंपनी, २०१५ मध्ये उघड्या पिस्तुलाचा कायदा झाला तेव्हा त्यांच्या प्रमुखाने सरळ सांगितलं होतं की आमच्याकडे उघडं नको, लायसन्स असून कपड्याआड असेल तर आमची हरकत नाही. तिथले मेव्हणे लोक अजून तिथे बर्गर खातातच की :)

हे कायद्यात कसं बसतं ते नीट समजून घ्या कारण इथे बरेच जण फसतात. तीन वेगवेगळे बोर्ड आहेत, टेक्सस पीनल कोडच्या कलमांच्या नंबरनेच ओळखतात. ३०.०६ म्हणजे लायसन्सवाल्याने लपवून आणायचं नाही. ३०.०७ म्हणजे लायसन्सवाल्याने उघडं आणायचं नाही. आणि ३०.०५ म्हणजे बिनलायसन्सवाल्याने कसंही आणायचं नाही, हा २०२१ नंतर महत्त्वाचा झाला. तुम्ही ३०.०५ आणि ३०.०७ लावा, ३०.०६ लावू नका. म्हणजे उरतो कोण, तर ज्याने क्लास केलाय, निशाण्याची परीक्षा दिलीय, लायसन्स घेतलंय आणि ते शर्टाखाली ठेवतो, जे आजींना दिसणारच नाही. माझ्या गुरुवारच्या आजोबांसारखा.

आणि तो ॲमेझॉनवरचा, बंदुकीवर लाल फुली मारलेला छोटा स्टिकर मिळतो ना, तो लावून मोकळं होऊ नका. कायद्यात मजकूर ठरवून दिलाय, ३०.०७ चा तर शब्दशः, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत पाहिजे, ठळक अक्षरं कमीत कमी एक इंच उंचीची, मागच्या रंगावर उठून दिसणारी. स्वतः पट्टी घेऊन मोजा, प्रिंटवाला हमखास पाऊण इंच करून देतो. बोर्ड चांगले मोठे होतात आणि दोन लावले की दार अर्धं झाकतं, मग तुमचा मिसळीचा फोटो दुसरीकडे सरकवावा लागेल, त्याला इलाज नाही. बोर्ड असूनही कुणी आलाच तर तो साधा २०० डॉलरपर्यंत दंडाचा मामला आहे. पण तुम्ही तोंडाने जा म्हटल्यावरही तो गेला नाही तर मोठा गुन्हा होतो, जेलपर्यंतचा. म्हणजे बोर्ड हा निम्माच भाग झाला, दुसरा निम्मा भाग म्हणजे कुणीतरी जाऊन बोलायचं. आणि ते कोण बोलणार हे तुम्ही दोघांनी ठरवलेलंच नाहीये, हो ना? पैज लावते.

ते ठरवा. काउंटरवरच्या मुलीने नाही बोलायचं, हे पक्कं. तुम्ही किंवा मेव्हणा, त्या रात्री जो असेल तो. आणि वाक्य साधं ठेवा, वाद नको, तुमच्या हक्काबद्दल भाषण नको, "सर, फॅमिली प्लेस आहे, प्लीज गाडीत ठेवून या, तुमचं टेबल मी धरून ठेवतो" एवढंच. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, टेबल धरून ठेवतो म्हटलं की त्याला हाकलल्यासारखं वाटत नाही. दहातले नऊ जण सॉरी म्हणून जातात, मी बघितलंय. दहावा गेला नाही तर आत या, ९११ लावा, दारात तोंडाला तोंड देत उभं राहू नका. आणि पिऊन आलेल्याला, किंवा तुमच्याकडे पिऊन ज्याची गाडी उताराला लागलीय त्याला, बीअर बंद करणं हे तर आणखी जपून. स्टाफमधल्या सगळ्यांकडून, भांडीवाला सोडून, टीएबीसीचं, म्हणजे राज्याच्या दारू-लायसन्स खात्याचं, सेलर-सर्व्हर ट्रेनिंग करून घ्या, फार वेळ लागत नाही आणि दारू प्यायलेल्या माणसाने पुढे काही केलं तर तुमचं लायसन्स वाचवायला त्याचा उपयोग होतो.

जाता जाता एक गंमत, टेनेसीची. तिथे २००९ मध्ये दारू मिळणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये पिस्तूल न्यायला परवानगी देणारा कायदा झाला, अट अशी की बाळगणाऱ्याने प्यायची नाही. गव्हर्नरने व्हेटो मारला, विधानसभेने तो उलटवला, रेस्टॉरंटवाले कोर्टात गेले, कोर्टाने रद्द केला, पुढच्या वर्षी परत नवीन कायदा, परत व्हेटो, परत उलटवला. सगळं महाभारत. आणि ज्या आमदाराने तो कायदा आणला त्यालाच २०११ मध्ये पिऊन गाडी चालवताना पकडलं, गाडीत भरलेलं पिस्तूल. मी हे काही बंदूकवाल्यांना चिडवायला सांगत नाहीये (बरं, थोडंसं). सांगायचं एवढंच की "बाळगणारा पिणार नाही" हे कागदावर लिहायला सोपं असतं. टेक्ससमध्ये तर तेवढीही अट नाही, नशेत असताना बाळगायचं नाही एवढंच आहे, आणि नशेत आहे की नाही हे शुक्रवारी रात्री साडेनऊला कोण बघणार तर तुमचा वेटर.

आता ड्रॉवर.

मेव्हणा सिटिझन आहे, जागा त्याचीही आहे, त्याने स्वतःसाठी पिस्तूल ठेवणं यात त्याचं काही चुकत नाही. पण गल्ल्याखालचा ड्रॉवर फक्त त्याचा आहे का? तिथे दिवसभर ती मुलगी बसते. ती एच-४ वर आहे. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला, एच-१बी असो एच-४ असो स्टुडंट असो, बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मुळात बंदी आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. (जी पोरं एच-१बीवर येऊन पहिल्याच महिन्यात शूटिंग रेंजवरचे फोटो इन्स्टावर टाकतात त्यांना पण हे कुणीतरी सांगा रे.) आणि बाळगणं म्हणजे हातात धरणं एवढंच नसतं. ड्रॉवरमध्ये काय आहे हे तिला माहिती आहे, चावी तिच्याकडे आहे, हवं तेव्हा उघडू शकते, तर वकील त्याला ताबा म्हणू शकतो. २०२२ पासून या गुन्ह्याला शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. असं रोज कुणाला पकडतात असं मी म्हणत नाहीये, पण उद्या तुमच्याकडे चोरी झाली, पोलीस आले, रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की गल्ल्यावर अमुक होती आणि पिस्तूल तिच्या गुडघ्याजवळ होतं, मग? तिच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल किती वर्षं लाइनमध्ये आहे ते विचारा एकदा तिला. तुमचं स्वतःचं पण बघा, ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते हो, पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ते डिपोर्ट करण्याचं कारण होऊ शकतं, कितीही वर्षं इथे राहिलेले असा.

आणि पोरं? तुम्ही पत्रात एका ठिकाणी लिहिलंय की शाळा सुटली की दोघांची मुलं तिथेच मागे बसून होमवर्क करतात. दादा, वाचून पोटात गोळा आला. टेक्ससमध्ये सुद्धा, हो टेक्ससमध्ये सुद्धा, भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती १७ च्या खालच्या मुलाच्या हाताला लागली तर तो गुन्हा आहे. गुन्हा राहू दे बाजूला. ड्रॉवरमध्ये पेन शोधत असतात मुलं.

आमच्या गावात शेजारच्या पाटलांकडे बारा बोरची होती, रानडुकरांसाठी. भिंतीवर उंच खुंटीला, काडतुसं काकूंच्या कपाटात, आणि कपाटाची चावी काकूंच्या कमरेला. निवडणूक लागली की काका निमूट ती बंदूक पोलीस स्टेशनला जमा करून यायचे, कुरकुर करत पण यायचे. तुमच्या मेव्हण्याला सांगा, पाटलांएवढं तरी कर. बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी सेफ मिळते, ती ऑफिसात भिंतीला बोल्ट करा, फक्त त्याचं बोट. तो दुकानात नसेल तेव्हा पिस्तूल पण दुकानात नको. आणि गल्ला लुटायला कुणी आलाच तर गल्ला द्यायचा. शुक्रवारचा गल्ला किती असतो तुमचा? तेवढ्यासाठी ड्रॉवरकडे हात न्यायचा नाही, हे त्याच्या तोंडून कबूल करून घ्या.

कसं बोलायचं त्याच्याशी? बायकोला मध्ये घालू नका, तिचा सख्खा भाऊ आहे, ती दोन्हीकडून भरडली जाईल. बंदुका चांगल्या की वाईट हा विषयच काढू नका, त्यात तो जिंकेल नाहीतर तुम्ही जिंकाल आणि दोन्हीत रेस्टॉरंट हरेल. सोमवारी बंद असतं ना तुमचं? सोमवारी दोघंच बसा, चहा घ्या, आणि पहिलं वाक्य हे म्हणा की "उघड्याला नाही म्हणू, लायसन्सवाल्या लपवलेल्याला हो म्हणू, तुझं अर्धं माझं अर्धं". त्याला वाटेल आपण काहीतरी मिळवलं, आणि खरंच मिळवलेलं असेल. मग ड्रॉवरचं काढा. त्या मुलीच्या व्हिसाचं सांगा, मुलांचं सांगा. तो वाईट माणूस वाटत नाही मला, घाबरलेला वाटतो. रात्री अकराला एकटा कॅश मोजत बसणाऱ्या माणसाला भीती वाटते, ती तुम्ही कधी विचारली आहेत का? कदाचित त्याला पिस्तुलापेक्षा कुणीतरी सोबत थांबावं एवढंच हवं असेल. कॅश दोघांनी मिळून मोजा, मागच्या पार्किंगला लाइट लावा, तो फार वाईट प्रकार असतो स्ट्रिप मॉलमध्ये, अंधार असतो नुसता.

सेफ लागेपर्यंत पिस्तूल त्याच्या घरी. ही एक गोष्ट सोमवारपर्यंत थांबवू नका, आज रात्रीच.

त्या मुलीला महिनाभर दिवसाची शिफ्ट द्या, पगार न कापता. आजींच्या लेकीचा नंबर असेल तर फोन करा आणि त्यांना परत बोलवा, ताट तुमच्याकडून. बोर्ड छापायला टाकण्याआधी एका लोकल वकिलाला अर्ध्या तासाची फी देऊन मजकूर दाखवा, मी सल्ला देणारी बाई आहे, वकील नाही. आणि टीएबीसीच्या साइटवर तुमच्या लायसन्सला आणखी कुठले बोर्ड बंधनकारक आहेत तेही बघून घ्या म्हणजे एकदाच छपाई होईल.

आणि हो, बोर्ड प्रत्येक दारावर लागतो. पॅटिओचं दार विसराल, सगळे विसरतात.